‘ओळख’ नावाचा रकाना

सकाळी साताऱ्यातल्या घरी मी चहा गाळत होतो, तेव्हा फोन वाजला. पलीकडून बातम्या देणाऱ्या बाईसारखा गोड आवाज म्हणाला, "नमस्कार, साताऱ्याचा अतिशहाणा. आपल्या दूध संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेस अगत्याने उपस्थित राहावे. धन्यवाद." आणि फोन बंद झाला.

कुणीतरी मित्र चेष्टा करतोय असं आधी वाटलं. पण माझ्या मित्रांपैकी कुणाच्या तोंडून ‘अगत्याने’ बाहेर पडेल, हे संभवत नव्हतं. आवाज माणसाचा नव्हताच, संगणकाचा होता. मी ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलांमागे थोडी जमीन आली आणि दूध संस्थेचं सभासदत्व आलं. संस्थेला मी दूध घालत नाही, सल्ले घालतो. त्यामुळे नाव अगदीच निराधार होतं असं म्हणवत नाही.

हसत हसत मी गावाकडे वहिनीला फोन लावला. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत भावाची बायको. तो फौजेत होता आणि लग्नानंतर वर्षाच्या आतच सीमेवर बर्फाच्या कड्याखाली गेला. त्यानंतर तिने म्हशी पाळल्या, सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं. संस्थेत सगळ्यात चांगलं दूध तिचं असतं. दर पंधरा ऑगस्टला गाव तिला पुढच्या खुर्चीवर बसवतं, ‘वीरपत्नी’ म्हणून शाल-श्रीफळ देतं आणि चेअरमन तिच्या त्यागावर तिलाच ऊन लागेपर्यंत बोलतात.

"वहिनी, मला अतिशहाणा म्हणाली ती बाई," मी सांगितलं.

ती हसली नाही. "भावजी, मला काय म्हणाली सांगू?"

"काय?"

"नमस्कार, पांढऱ्या पायाची."

माझ्या हातातली गाळणी कपातच राहिली. पायगुणाने नवऱ्याला खाणारी बाई, असा तो शब्द. मी तो जुन्या कथांत वाचला होता. आपल्या घरातल्या माणसाला, आजच्या काळात, इतक्या शुद्ध उच्चारात तो ऐकवला जाईल हे डोक्यात शिरेना. मी काहीतरी बोललो असेन. ती एवढंच म्हणाली, "हे कुणी घातलं ते कळल्याबिगर मी सभेला जाणार न्हाई, आन झेंड्यालाबी न्हाई."

दुपारी मी एसटीने इस्लामपूरला उतरलो आणि वडाप जीपने गावात गेलो. दूध डेअरीपुढे माणसं होती, पण कुणी कुणाकडे बघत नव्हतं. फोन प्रत्येकाला आला होता. कुणाला ‘नमस्कार, चकणा’, कुणाला ‘नमस्कार, कोंबडीचोर’, आणि एका वयस्कर गृहस्थांना, ज्यांच्यापुढे मी अजून बिडी पीत नाही, असं काही की ते जेवले नव्हते. दुसऱ्यांची टोपणनावं इथे सगळ्यांना लहानपणापासून पाठ असतात. आपलं मात्र त्या दिवशी अनेकांना पहिल्यांदाच कळलं.

चेअरमनना ‘नमस्कार, घरचा हार’ असा फोन आला होता. सत्काराला जाताना ते स्वतःचा हार पिशवीतून घेऊन जातात, हे जगजाहीर आहे. हे आपल्यालाच कुणी ऐकवलं, याने ते पेटले होते.

"ही सॉफ्टवेअरमधी लपवून ठिवलेली घाण हाय!" डेअरीच्या पायरीवर उभे राहून ते म्हणाले. "ह्या बड्या कंपन्यांचं कारस्थान हाय. सहकार मोडायचाय त्यास्नी. आमी कोर्टात खेचणार! आन पयला दावा कुणाचा? आमच्या वीरपत्नीचा!"

परदेशात लोक सॉफ्टवेअर कंपन्यांवर असे दावे लावतात हे मी वाचलं होतं. आत खोलवर कुठेतरी अश्लील चित्र सापडतं, शिवी सापडते, आणि वकील जमतात. आपल्याकडे हे येईल तेव्हा येईल, असं वाटायचं. ते म्हशीच्या दुधाबरोबर आलं. खोटं कशाला सांगू, चेअरमनचं बोलणं मलाही त्या दिवशी पटलं. वहिनीला असं म्हणणारा कुणीतरी परका, दूरचा, विकृत माणूस असावा, अशी माझी इच्छा होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही सांगलीला वकिलांच्या कचेरीत बसलो. मी, वहिनी, चेअरमन आणि संस्थेचे सचिव. वकिलांनी संस्थेला सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीच्या मालकालाही बोलावलं होतं, आधी समोरासमोर होऊ दे म्हणून. चेअरमन खिडकीतून काळ्या गाडीची वाट बघत होते. मालक कुपवाडहून स्कूटरवर आला. हेल्मेट आणि लॅपटॉप एकाच हातात. बड्या कंपनीत तो धरून चार माणसं होती.

"आमच्याकडून शब्द एकही गेलेला नाही," तो म्हणाला. "आम्ही प्रत्येक सभासदापुढे ‘ओळख’ असा एक रकाना दिला होता. नवीन आवृत्तीत फोनवरचा आवाज तो रकाना वाचून नमस्कार करतो. त्यात काय भरायचं ते तुमच्या ऑफिसनं भरलं. हे बघा, कुठल्या पासवर्डनं भरलंय तेही दिसतं."

सगळे सचिवांकडे बघू लागले. सचिव साधा माणूस, रुमालाने मान पुसायला लागला.

"आवं, मी काय करू? एका नावाची, एका आडनावाची धा-धा माणसं हायत गावात. वळखायची कशी? एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर जायचं. म्हणून ज्याला गाव जसं वळखतं तसं टाकलं. कुणाला दिसणार न्हाई म्हणला हुता ह्यो."

"दिसत नव्हतंच," मालक म्हणाला. "ऐकू जाईल हे माझ्या लक्षात आलं नाही."

चेअरमननी हात झटकला. "ते तांत्रिक झालं. वकीलसाहेब, तुमी दावा लिवा. वैनी, तुमी सही करा. वीरपत्नीचा अपमान म्हणलं की पेपरवाले पळत येतील."

वहिनी इतका वेळ पदर मुठीत धरून बसली होती. ती सचिवांना म्हणाली, "माझ्या नावाची दुसरी कोण हाय गावात?"

"न्हाई... तुमचं नाव कर्नाटकाकडचं. दुसरी कुणी न्हाई."

"मग मला वळखायला काय अडचण हुती?"

गेला आठवडाभर मी कायद्याची पुस्तकं चाळत होतो, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता.

"रकाना रिकामा ठिवला की काम्पुटर फुडं सरकत न्हवता, वैनी," सचिव अगदी हळू म्हणाले. "मी विचारलं, हितं काय टाकू. तर डेअरीच्या खोलीतली सगळी एकदमच बोलली."

"खोलीत कोण हुतं?"

सचिवांनी चेअरमनकडे पाहिलं, आणि चेअरमननी छताकडे.

"आवं, चेष्टेत..." चेअरमन म्हणाले. "चेष्टेत बोलतो गड्या आपण. कुणाच्या मनात काय नसतंय. वैनी, तुमची आमाला केवढी इज्जत हाय! दर साली शाल..."

"शाली पेटीत हायत," वहिनी म्हणाली. "एकबी पांघरली न्हाई. पाठवून देते."

मग ती मालकाकडे वळली. "तुमचंबी चुकलं. न बघता फोन लावला." तो मान खाली घालून "हो" म्हणाला. त्या खोलीत तेवढंच एक ‘हो’ सरळ आलं.

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "खोलीत हुते त्यांच्यावर दावा लागतो का?"

वकिलांनी चष्मा काढला. लागतो म्हणाले, पण वेळ जातो. आणि तारखेला ते शब्द कोर्टात मोठ्याने वाचावे लागतात, भरल्या कोर्टात. बाईमाणसाला ते जड जातं, विचार करा.

"वाचू द्या. मी सोडून सगळ्यांनी ऐकल्यालं हाय."

चेअरमन उठले, फोन आल्यासारखा मोबाइल कानाला लावला आणि जिना उतरून गेले. तो मोबाइल वाजला नव्हता, हे आम्हा सगळ्यांना दिसलं होतं. वकील लिहायला बसले. ‘सदर आक्षेपार्ह शब्द’ असं त्यांनी घातलं, तर वहिनीने त्यांना थांबवलं आणि पुरा शब्द लिहायला लावला. प्रतिवादी म्हणून संस्था आणि खोलीतली माणसं. ती कोण कोण, हे सचिवांनी अखेर एकेक करून सांगितलं. त्यात स्वतःचं नावही सांगितलं. एक नाव माझ्या सख्ख्या काकांचं होतं, आणि ते ऐकताना मी वहिनीकडे बघू शकलो नाही.

निघताना सचिव दारात घुटमळले. "वैनी, उद्या सकाळी... दूध घालणार न्हवं?"

"घालणार की," ती चपला घालता घालता म्हणाली. "म्हशींनी काय केलंय?"