सिमेंट वाळेपर्यंत

आयुष्यभर मी लोकांच्या घरांत गुडघ्यांवर चाललो. रांगतं मूलही वर्षा-दीड वर्षात उभं राहतं, मी मात्र म्हातारपणापर्यंत रांगलो. फरशी बसवणाऱ्याचा धंदाच तसा. गुडघ्यांना बांधायला रबरी गाद्या मिळतात, पण त्या बांधल्या की माणूस लंगड्या घोड्यासारखा दिसतो, असं माझं मत. आता मी गाद्या न बांधताच तसा दिसतो.

धंद्यातले लोक मला 'लेव्हल' म्हणतात. बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवायची आणि ती जरा जरी हलली तरी अख्खी ओळ उखडायची, अशी माझी ख्याती. फरशी केसभर वाकडी खपवून घेतली नाही, पण माझे स्वतःचे पाय कधी धनुष्यासारखे बाहेर वाकले ते कळलंच नाही. शेजारची मांजर माझ्या दोन पायांमधून अंग न लावता जायची.

आमच्या हिचेही गुडघे माझ्याच जोडीचे. जिना उतरताना ती कठडा धरून उलटी उतरते. डॉक्टरांनी दोघांचे एक्स-रे शेजारी शेजारी लावले आणि म्हणाले, "दोघांच्याही सांध्यात गादी उरलेली नाही. हाडावर हाड घासतंय. बदलून घ्या." ही घाबरली. मी छाती पुढे काढली. "आधी मी करतो. माझं बघ, मग तू कर."

"तुमचं नीट झालं तरच हं," ती म्हणाली. मग माझी तारीख ठरली आणि माझ्यामागून तिची.

माझ्या एका गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, "सांधा सिमेंटने पक्का बसवलाय. आता चाला, गुडघा वाकवा." त्यातलं पहिलं वाक्य मी मन लावून ऐकलं आणि दुसरं ऐकायची गरज वाटली नाही. सिमेंटचं मला कोण शिकवणार? ताज्या फरशीवर पाय ठेवायचा नाही, हा माझा कायदा. एका घरमालकाला मी त्याच्याच घरात खिडकीतून ये-जा करायला लावली होती. तेव्हा घरी आल्याबरोबर पाय उशीवर सरळ ठेवला आणि पडून राहिलो. वाळू दे म्हटलं नीट.

व्यायाम करून घेणारी मुलगी यायची. "काका, वाकवताय ना?"

"आत्ताच वाकवला. दमलो बघ."

ती पाय हातात घ्यायला लागली की मला चक्कर यायची, तहान लागायची, नाहीतर अचानक झोप यायची. बिचारी हात टेकून निघून जायची. हिने विचारलं की मी ऐटीत सांगायचो, "जरासुद्धा दुखत नाही!" ते खरंच होतं. न हलवलेला पाय दुखेल कशाला? फक्त खुर्चीत बसलो की तो फळीसारखा पुढे यायचा आणि आलागेला त्याला अडखळायचा.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला. तो वाकेना. त्यांनी कारण विचारलं, तर मी अकलेचे दिवे पाजळले. सिमेंट कसं मुरावं लागतं, घाई केली की फरशी कशी पोकळ वाजते, सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"अहो, टाके घालायच्या आधीच ते वाळलं होतं! आता सांधा आखडत चाललाय. पंधरा दिवसांत काटकोनात वाकला पाहिजे, नाहीतर परत भूल देऊन मला वाकवावा लागेल."

व्यायामवाली मुलगीही तिथेच होती, खिडकीबाहेर बघत. तिचे खांदे हलत होते.

खरं सांगायचं तर सिमेंटबिमेंट सगळं निमित्त. पहिल्या दिवशी दवाखान्यात त्या मुलीने पाय जरासा वाकवला तेव्हा मस्तकात कळ गेली होती. तेव्हापासून माझी पाचावर धारण बसली होती. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

घरी आलो. ही ओट्याला टेकून उभी होती.

"मी माझी तारीख रद्द केली," ती म्हणाली. "सकाळीच फोन केला."

"अगं, का पण?"

"तुम्ही म्हणता दुखत नाही, आणि पाय बघावा तर हा असा. मग माझं काय होईल? मी आहे तशी बरी."

एवढं बोलून ती पातेलं उचलायला वाकली, अर्ध्यातच थांबली आणि मांडी दाबत सरळ झाली. मला माझी लाज वाटली. पुढे होऊन वाट दाखवतो म्हणालो होतो आणि वाटेतच आडवा पडलो होतो.

खुर्ची ओढून बसलो. पाऊल जमिनीला लावलं आणि मागे सरकवायला लागलो. "हे बघ, काही अवघड नाही," एवढं म्हणेपर्यंत तोंडातून जी बोंब निघाली, ती ऐकून मीच दचकलो.

ही आली. "दुखतंय?"

'नाही' अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळलं. "खूप दुखतंय गं. जीव जातोय. मी घाबरतो म्हणून वाकवतच नव्हतो. तुला इतके दिवस थापा मारल्या."

ती स्टूल ओढून, कण्हत माझ्यासमोर बसली. दोन्ही हातांनी माझी पोटरी धरली आणि हळूहळू मागे रेटली.

"आता?"

"आई गं! दुखतंय!"

"पण वाकतोय."

"वाकतोय," मी म्हणालो. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. तिच्याही येत होतं, पण तिने पकड सोडली नाही.

"मलाही एवढंच दुखेल?"

"एवढंच. कदाचित जास्त. पण मी बसेन तुझ्यासमोर असा."

तिने नाक पुसलं. "आता कुठे विश्वास बसला. फोन करा त्यांना, माझी तारीख परत मागून घ्या."

मी घाईघाईने उठायला लागलो.

"बसूनच करा," ती म्हणाली आणि पाय आणखी थोडा मागे रेटला.