अप्पांनी बसवलेलं मीटर

आमचे अप्पा स्वतःला बहिरे मानत नाहीत. बाकी सगळ्या गल्लीला माहीत आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं जॉबरकी केली, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त केले, आणि त्या खडखडाटात कान गेले. आता समोर उभं राहून ओरडलं की ऐकू येतं, तेही त्यांच्या मनात असलं तर.

माझा भाऊ राजशेखर स्वतःच्या जुन्या ट्रकवर चादरींच्या गाठी वाहतो. त्या ट्रकची दुरुस्ती अप्पाच करायचे. शिक्षण कसलंच नाही. ‘माग काय अन् इंजिन काय, लोखंडच की,’ एवढ्यावर त्यांचा कारभार. आवाज ऐकू न येणारा माणूस इंजिनाचं दुखणं कसं ओळखतो, याचं गल्लीला नवल वाटायचं. घरात कुणाला वाटायचं नाही, कारण ऐकायचं काम अव्वाचं, म्हणजे माझ्या आईचं होतं. ट्रक कोपऱ्यावर वळला की ती भाकरी थापता थापता म्हणायची, “आज पंख्याचा पट्टा किरकिरतोय.” मग पिठाच्या हाताने अप्पांचा दंड धरून त्यांना बाहेर ओढत न्यायची. अप्पांच्या सगळ्या शर्टांच्या उजव्या बाहीवर पिठाची बोटं असायची.

अव्वा जानेवारीत गेली. अप्पा रडले नाहीत. माती देऊन आले, हातपाय धुतले आणि नेहमीच्या वेळेला चहा मागितला. मला त्यांचा राग आला होता. महिन्याभराने मी सरळ विचारलं, तर म्हणाले, “कायच वाटंना बघ, चंद्रिका. अंगाखाली आलेला हात झोपंतनं उठल्यावर आपला वाटत न्हाय की, तसं हाय.” मग राग गेला. माझंही तसंच चाललं होतं, फक्त मला शाळेतली कारकुनी होती. जुळे सोलापुरातून मी दर रविवारी स्कूटीवर यायची, तेव्हा ते कट्ट्यावर ट्रककडे बघत बसलेले असायचे.

मार्चमध्ये वळसंगच्या पुढे ट्रकचं पाणी उकळलं. डॅशबोर्डवरची मीटरं कधीचीच मेलेली, आणि पट्टा आठवडाभर किरकिरत असणार, पण केबिनच्या खडखडाटात राजशेखरला तो कळत नसे, आणि सांगणारं आता कोण होतं? राजशेखर घरी येऊन मला हळूच म्हणाला, “आता गाडी गॅरेजलाच टाकतो. अप्पांना जमायचं न्हाय.”

हळू बोलून काय उपयोग? मागावरची माणसं ओठांवरून बोलणं वाचतात. दुसऱ्या दिवशी अप्पांनी स्पेअर पार्टच्या दुकानातून दोन मीटरं आणली, एक तेलाच्या दाबाचं, एक पाण्याच्या उष्णतेचं. म्हणाले, “कानाला कळत न्हाय ते डोळ्याला कळंल.”

राजशेखर कबूल झाला, पण बजावून. “ही चालली तर चालली. न्हायतर अप्पा, परत गाडीला हात लावायचा न्हाय.” तो चुकीचं बोलत नव्हता, इंजिन बसलं असतं तर घर बसलं असतं. पण गाडी हातातून गेली की अप्पा त्या कट्ट्यावरून पुन्हा उठणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं.

तीन रविवार ते ट्रकमध्ये पाठीवर पडून होते. जुना पत्रा कापून मीटरांना चौकट केली, वायरी ओढल्या, उष्णता मोजणारा पितळी बोल्ट इंजिनात पिळून बसवला. चौथ्या रविवारी सकाळी राजशेखरने इंजिन चालू केलं. तेलाचा काटा टुणकन वर आला. पाण्याचा हललाच नाही. अर्धा तास झाला, रेडिएटरला हात लाववेना, आणि काटा आपला थंडावरच. राजशेखरने इंजिन बंद केलं. “ऱ्हाऊ द्या अप्पा,” तो म्हणाला, अगदी मायेनं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

अप्पांच्या तोंडावर काहीच दिसलं नाही. त्यांनी किल्ली अर्धी फिरवली, बोल्टवरची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. काटा उडी मारून थेट लालात गेला. म्हणजे मीटर ठीक, वायरही ठीक. इंजिन निवायला दुपार झाली. मग त्यांनी बोल्ट काढला आणि माझ्यापुढे धरला. आट्यांवर टॉवेलचं सूत सफेद्यात भिजवून सुबक गुंडाळलेलं होतं. कारखान्यात वाफेच्या पाइपांचे जोड त्यांनी जन्मभर असेच बांधले, थेंबही गळू नये म्हणून.

“ह्या बोल्टला इंजिनचं लोखंड लागाय पायजे, तवाच करंट फिरतो,” ते म्हणाले. “मीच मधी सूत गुंडाळून ठिवलं.”

त्यांनी आटे तारेच्या ब्रशने घासून उघडे केले, बोल्ट तसाच बसवला, पाणी भरलं. राजशेखरने पुन्हा इंजिन चालू केलं. काटा सावकाश उठला, मध्यावर आला आणि तिथेच थांबला. राजशेखर खिडकीतून मान हलवून हसला.

अप्पा बॉनेटपाशी वाकलेले होते. वर न बघताच त्यांनी उजवा दंड स्वयंपाकघराच्या दाराकडे केला. “नीलम्मा, बा इल्ली, स्वल्प केळु.” इकडे ये, जरा ऐक. अव्वाशी ते कानडीतच बोलायचे. दंड तसाच धरून ते थांबले. बाही स्वच्छ होती.

मी पुढे होऊन दंड धरला. त्यांनी वळून माझ्या हाताकडे पाहिलं.

“तू हायस व्हय,” म्हणाले, आणि बंपरवर बसून रडायला लागले. राजशेखरने घाईने इंजिन बंद केलं. अप्पा इतक्या मोठ्याने रडत होते की गल्लीतली माणसं दारात आली. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता.