इंजिन चालू, दोनशे पावलं

माझ्या डाव्या भुवईवरची खूण अब्बांच्या घाईची आहे. हे अब्बाच येईल-जाईल त्याला सांगायचे, वर मला पुढे उभं करायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अब्बा, म्हणजे झहूर परकार, रत्नागिरीकडचे. १९६० साली नूरुद्दीनशेठनी त्यांना कुवेत सिटीतल्या आपल्या रेडिओच्या दुकानात दुरुस्तीला आणलं. पुढे शेठनी रेडिओवर चालणारी छोटी विमानं मागवली. ती जोडायची आणि वाळवंटात नेऊन गिऱ्हाइकांना उडवून दाखवायची, हे काम अब्बांच्या गळ्यात पडलं. उडवण्याआधी रेडिओचा पल्ला तपासावा लागे. आई विमान धरून उभी राही. अब्बा हातातलं यंत्र घेऊन दोनशे पावलं लांब जात आणि बटण दाबत. शेपटीचं सुकाणू हललं की आई रुमाल वर करी. हे दोनदा करायचं, एकदा इंजिन बंद ठेवून आणि एकदा चालू करून, कारण इंजिनाच्या थरथरीने आतली एखादी तार सुटू शकते.

एका शुक्रवारी जुम्याच्या नमाजाची वेळ झाली म्हणून अब्बांनी दुसरी फेरी गाळली. विमान वर गेलं, अब्बांच्या यंत्राचं ऐकेनासं झालं आणि थेट माझ्या कपाळावर येऊन आदळलं. सहा टाके पडले.

पुढच्या हिवाळ्यात शेठनी एका बड्या कुवेती व्यापाऱ्याला सहकुटुंब बोलावलं. त्याची मुलं समोरच चटईवर बसली होती. इंजिन बंद ठेवून तपासणी झाली, तोच शेठ घड्याळ बघत म्हणाले, "बस झाला. उडव आता."

"इंजिन चालू करून बगल्याबिगर उडवाचा नाय, शेठ."

"पाव्हने खोळंबलेत. माजी अब्रू घालवतोस?"

"पोरां बसलीत समोर."

"झहूर, तुला हितं मी आनलाय. उडव, नायतर उद्या दुकानाची पायरी चढू नको."

आमचा राहण्याचा परवाना शेठच्या नोकरीवर होता. अब्बांनी आईकडे बघितलं. आईने विमान आणखी घट्ट धरलं.

"इंजिन लावा," ती म्हणाली.

इंजिन लागलं. अब्बा शेठकडे पाठ करून चालायला लागले, आणि मी शपथेवर सांगते, मुद्दाम हळू चालले. दोनशे पावलं मी मोजली. बटण दाबलं की रुमाल वर, दाबलं की रुमाल वर. एकदाही चुकला नाही.

"काय निघाला?" शेठ हसले. "काय पन नाय!"

मग अब्बांनी विमान उडवलं. इतकं सुरेख, की चटईवरची मुलं किंचाळत उभी राहिली. व्यापाऱ्याने तिथेच दोन विमानं घेतली. शेठनी तरीही आपला शब्द खरा केला. उद्यापासून येऊ नको, म्हणाले.

परतीच्या गाडीत मी संतापाने धुमसत होते. शेठवर, आणि थोडी अब्बांवरही.

"अब्बा, एखादी तार तरी सुटलेली निघायला हवी होती! शेठचं तोंड बंद झालं असतं."

अब्बांनी माझ्या भुवईवरून अंगठा फिरवला.

"सुटलेली असती तर उडवलाच नसता, लैला. काय निघाला नाय, म्हनून तर उडवला."

"आणि उद्या?"

"उद्या दुसरा दुकान बगू. तिकडं पन दोनशे पावलां चालेन."