भानामतीचा दोरा

ती घटना आठवली की निवृत्तीनंतर आजही माझी मान खाली जाते. वडवणी भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. बाजाराच्या दिवशी, बंदोबस्ताची माणसं नेमत असताना, एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. गावातल्या एका बाईच्या अंगातून दोरे निघतात, देवऋषी म्हणतो धाकट्या जावेनं भानामती केली, आणि त्या जावेला पोरांसकट गावाबाहेर काढायला लोक पारावर जमतायत, अशी खबर होती.

जीप काढून तडक पोचलो. देवऋषी मोठा बेरकी. माझ्यादेखत त्यानं एक दोरा काडीनं पेटवला. दोऱ्याची राख झाली नाही. तो आक्रसला आणि त्याचा कडक मणी झाला. "सुताची राख व्हती साहेब. करणीच्या दोऱ्याची व्हत न्हाई," तो म्हणाला. लोकांनी हात जोडले. अरे, युरियाच्या गोणीचा दोरा जाळला तरी असाच मणी होतो! तिथल्या प्रत्येकाच्या घरात तसल्या गोण्या होत्या. पण माणूस एकदा भ्यायला की रोजचं पाहिलेलंही विसरतो.

देवऋषीला ठाण्यात आणून जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. प्लास्टिकचे दोरे कुठून आणतोस, हे दरडावून विचारलं. आधी उडवाउडवी केली, मग रडकुंडीला येऊन म्हणाला, दोरे बाईच्याच अंगातून निघतात, माझी बायको ओढून काढते. मला वाटलं, थापा मारतोय.

त्या आजारी बाईनं जबाबात "पोटाचं दुखणं" एवढंच सांगितलं होतं. आमच्या महिला हवालदारांनी सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं, तेव्हा कुठे ती बोलली. दोरे खालून येत होते. दर वेळी ओढले की रक्त जायचं. हवालदारांनी हे मला नजर चुकवत सांगितलं, मीही खिडकीबाहेर बघत ऐकलं. जबाबात "पोटाची तक्रार" तशीच राहू दिली.

अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि मला समोर बसवून सरळ शब्दांत सांगितलं. बाळंतपणं आणि जड कामांमुळे गर्भाशय खाली उतरतं, त्याला आपल्याकडे अंग बाहेर येणं म्हणतात. ते वर धरून ठेवायला कुणीतरी ऑपरेशन करून प्लास्टिकची जाळी बसवली होती. ही जाळी विरघळत नाही. मांस तिच्या छिद्रांतून वाढतं आणि ती कायमची धरली जाते. पण कधी कधी ती योनीची आतली त्वचा घासून उघडी पडते आणि तिचे धागे बाहेर येतात. म्हणूनच काही देशांनी खालच्या वाटेनं अशी जाळी बसवणं थांबवलंय. "ओढणं म्हणजे मांसच फाडणं आहे," त्या म्हणाल्या. मी टेबलाकडे बघत मान हलवत राहिलो.

मग नवऱ्याला बोलावलं. परजिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यात ऑपरेशन त्यानंच करवून आणलं होतं. जाळीचं डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं. त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. पारावर भावजयीला शिव्या बसत होत्या, तेव्हाही तो तिथंच बसून होता.

"मग बोलला कावून नाहीस?" मी ओरडलो.

"बायकोचं अंग भाईर येतंय, हे चार माणसांत कसं सांगावं, साहेब? लाज वाटली."

त्याला खूप बोलायचं होतं मला. पण कुठल्या तोंडानं बोलणार?

उघडी पडलेली जाळी अंबाजोगाईला काढली. बरी झाल्यावर बाई पुरवणी जबाबाला आली, तिचा हात धरून तीच धाकटी जाऊ आली. आता तुला कुणी त्रास देणार नाही, असं मी जावेला म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "अंगाचं नाव घ्यायची समद्यांला लाज वाटली, साहेब. मला चेटकीण म्हणायची कुणालाच न्हाई वाटली."

लोकांची लाज राखायची म्हणून आम्ही शब्द गाळतो, आणि त्या गाळलेल्या शब्दाची शिक्षा तिसऱ्याच कुणाला तरी भोगावी लागते, हे मला या गुन्ह्यानं शिकवलं.

मी आजारी बाईला विचारलं, खरं ते लिहू का? तिनं जावेकडे पाहिलं आणि होकार दिला. मग मी लेखनिकाला मोठ्यानं सांगू लागलो: गर्भाशय, योनी, जाळी. लेखनिकानं मान खाली घातली. दोघी जावा मात्र माझ्याकडे सरळ बघत होत्या.