रावसारांच्या डिकीचं कुलूप

गॅरेज चालवलं की किस्से भंगारासारखे साठतात. टाकवत नाहीत, कुणी विकतही घेत नाही. त्यात माझं काम जुन्या गाड्यांचं, म्हणजे गिऱ्हाईकंही जुनीच. गाडी सुधारते, माणूस मात्र दरवर्षी थोडा खंगलेला दिसतो. तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीत माझं शेड आहे.

*

एकदा एक वकील आले. डिकी उघडेना. तासभर खटपट करून शेवटी मी कुलूप फोडलं. आत काय? चावी!

मी हसलो. ते नाही हसले. बायको गेल्यापासून असंच होतंय म्हणाले, आणि मागवलेली काफी न पिताच गेले.

*

रावसार म्हणजे राव सर, निवृत्त मास्तर, आमच्यासारखेच घरी मराठी बोलणारे. नजर अधू झाली म्हणून चेन्नईच्या मुलीनं त्यांची अँबॅसेडर विकायला काढली. गिऱ्हाईक येणार त्याच्या आदल्या दिवशी डिकीचं कुलूप तुटलं. तसलं कुलूप आता मिळतंय कुठं? तिरुचीचं भंगार पालथं घालून एक आणलं, बसवलं; तोवर गिऱ्हाईक निघून गेलं. दुसरं गिऱ्हाईक ठरलं, पुन्हा तुटलं. सार म्हणाले, चोर.

तिसऱ्या वेळी मी विचारलं, या चोराला गिऱ्हाईकाची तारीख कोण सांगतं?

सारांनी बॉनेटवरून हात फिरवला. मग म्हणाले, "इंजिनाला हात लावायचा धीर होत नाही रे. म्हणून कुलूपच."

*

सारांच्या मुलीचा मला फोन आला. अण्णा, बाबा देवळात गेले की गुपचूप कुलूप बसवा, गिऱ्हाईक बाहेरच थांबलंय. मी बसवलं. अजून लाज वाटते त्याची.

गाडी कुंभकोणमच्या एका डॉक्टरांकडे गेली. सार परत आले, रिकामी जागा पाहिली आणि आत जाऊन झोपले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

*

महिन्याभरानं डॉक्टरांचा फोन. दवाखान्यासमोर उभ्या गाडीच्या डिकीचं कुलूप कुणीतरी फोडलंय, येऊन बदलून द्या. तडक सारांच्या घरी गेलो. नेसलेल्या वेष्टीला गंजाचे डाग, बोटाला चिंधी. धड दिसत नसताना हा माणूस बसनं कुंभकोणमला जाऊन आला होता!

मी चिडलोच. म्हटलं, सार, गाडी विकून झाली, आता कुलूप फोडून काय मिळवलंत?

सार चपला चाचपत होते.

"त्यांनी तुलाच बोलावलं ना? मग चल. तुझ्याबरोबर असलो तर गाडीला हात लावू देतील."