खुनी कोण, ते आम्ही मतानं ठरवायचो

टीव्हीवरच्या त्या जुन्या गुप्तहेराच्या मालिकेनं देशाला विचार करायला शिकवलं, असं हल्ली शहाणी माणसं लिहितात. देशाला शिकवलं असेल! आमच्या आदिलाबादला तिनं निव्वळ भांडायला शिकवलं.

दर आठवड्याला तेच. गल्लीत टीव्ही एक, पुढं माणसं दोनशे. सगळ्या संशयितांना गोळा करून गुप्तहेर बोट उचलायचा, म्हशीसुद्धा रवंथ थांबवायच्या, आणि नेमकं तेव्हाच हिंदी कार्यक्रम तोडून तेलुगू बातम्या लागायच्या! अख्ख्या देशाला खुनी, आणि आम्हाला कापसाचा भाव. हा काय न्याय झाला?

मग आम्हीच ओट्यावर बसून हात वर करून खुनी ठरवायचो. बहुमत झालं की निकाल पक्का. बंगल्यातल्या खुनाच्या भागात मी स्वयंपाक्याचं नाव सुचवलं आणि गल्लीनं त्याला एकमतानं फासावर चढवलं.

एकमतानं म्हणजे एक जण सोडून. शेजारचा वांगीवाला, माझ्याच वयाचा, त्या दिवशी सायकल हाणत भीमपूरवरून नदीपलीकडं महाराष्ट्रात आत्याकडं गेला होता. तिकडं टीव्हीचा टॉवर वेगळा, मधे तेलुगू बातम्या नाहीत. पूर्ण भाग बघून तो दुसऱ्या दिवशी आला.

"सैपाकी नाई बे, डॉक्टर हाय खुनी!"

"काऊन खोटं बोलून राह्यला?" मी ओरडलो. माझा स्वयंपाकी हातचा जात होता ना!

त्या दिवसापासून त्याचं नाव थापाड्या. आणि ते ठेवलं कोणी? उटनूरच्या जंगलात छत्रीनं वाघ हाकलल्याचं सांगत फिरणाऱ्या मी! पुढं तीस-पस्तीस वर्षं तो काहीही बोलला, अगदी घरात पोरगी झाली म्हणाला, तरी लोक आधी बाळ बघून यायचे.

गेल्या आठवड्यात नातीनं मोबाईलवर तोच भाग लावला. शेवटासकट. डॉक्टर! माझं डोकं असं तापलं की त्यावर चहा उकळला असता. एका सज्जन माणसाची अब्रू गेली, आणि कशापायी? पाच मिनिटं आधी लागलेल्या बातम्यांपायी! बरं, टॉवरला शिव्या देऊन तरी काय होणार? थापाड्या तर मी म्हटलं होतं.

मोबाईल घेऊन तडक बाजारात गेलो. तो वांग्यांवर पाणी मारत होता.

"मले काय दाखवतं? मी तवाच पाह्यलं हाय."

"चुकलं माझं," मी पुटपुटलो.

"आता हळू काऊन? थापाड्या म्हनत होता तवा बेल्लमपल्लीच्या खाणीत ऐकू जात जाये!"

चढलो रिकाम्या क्रेटवर. आधी मराठीत, मग तेलुगूत बोंबललो, "खुनी डॉक्टरच होता! हा खरं बोलला, खोटा मी!"

टमाटे निवडणारी एक बाई दचकून म्हणाली, "अगंबाई, कोणता डॉक्टर? माझी उद्याची वेळ हाय!"

गर्दी हसली. तो हसला नाही. पाण्याचा डबा खाली ठेवून, बाजाराच्या टोकाकडं हात करून म्हणाला, "अजून एकडाव. मिरचीवाल्याईले ऐकू नाई गेलं."