आईच्या खोलीतला स्टोव्ह

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये कुणी खिळा ठोकला तरी त्याचा किस्सा होतो. आम्ही तर भिंतीलाच भोक पाडलं! हसायला सगळे तयारच असतात, म्हणून सांगून टाकते.

आई पहिल्यांदाच हिवाळ्यात येणार होती. तिच्या खोलीत ना रेडिएटर, ना चिमणी. म्हणून गॅसचा, बंद काचेचा स्टोव्ह घ्यायचं ठरलं. त्याचा पाइपात पाइप भिंतीतून बाहेर जातो. आतल्यातून धूर बाहेर, भोवतालच्यातून हवा आत. ग्रुपवर विचारलं, कुणी बसवलाय का? पहिलं उत्तर आलं, "अगं, त्यापेक्षा आईंना दोन स्वेटर घे!" त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी ग्रुप म्यूट केला.

*

शेजारच्या फ्राऊ, म्हणजे जर्मन बाई, टेप घेऊन हजर. पाइपच्या तोंडापासून आपल्या खिडकीपर्यंत मोजलं. अंतर नियमात बसलं, तसं त्यांचं तोंड वाकडं झालं.

"आल्झो, बरं मग, तुमच्या आई परत कधी जाणार?"

अजून आलीही नव्हती ती!

*

चिमणी नसली तरी मंजुरी चिमणी साफ करणाऱ्या शॉर्नश्टाइनफेगरचीच लागते. त्याला हात लावला की नशीब उघडतं म्हणे. ग्रुपमधल्या मेधाचा पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, अडकलेला; तो तपासायला आला त्या दिवशी ती मुद्दाम आली. त्याच्या काळ्या बाहीला हात लावून सेल्फी काढला आणि निघाली. आदल्याच दिवशी पोचलेली आई समोर बसली होती. तिला साधं "कशा आहात?" नाही विचारलं. मला फार लागलं ते.

*

माझा नवरा शिरीष गाड्यांच्या एक्झॉस्टचा इंजिनिअर. थंडी वाढली तसं "भोकातून गार वारा येतोय" म्हणत त्याने बाहेरून पाइपच्या तोंडावर ताडपत्री गच्च बांधली आणि ऑफिसला गेला! पाइप कोंडला, स्टोव्ह आपोआप विझला.

संध्याकाळी येऊन बघते तर आई कोट, मफलर, मोजे घालून पलंगावर. हात गार पडलेले.

"सायलेन्सरमध्ये बोळा कोंबून गाडी चालवतोस का रे?" मागोमाग आलेल्या शिरीषवर मी ओरडले. तो ताडपत्री सोडायला पळाला.

"आई, तो बांधताना तुला दिसला नाही?"

"खिडकीतून दिसले की. विझलेलंही लगेच कळलं."

"मग मला फोन नाही करायचा?"

"जावईबापूंनी बांधलेलं, मी कसं काढायला सांगू?"

मला रागाने रडूच आलं. "अगं, तुझंच घर आहे ना हे!"

आई हात चोळत म्हणाली, "पुण्याला तुझा दादाही हेच म्हणायचा. एकदा मी पंखा बंद करायला सांगितला, तेव्हापासून नाही म्हणत."